जीप : टोलेडोची की सातपुड्याची?

(द्वितीय वर्ष कला, इतिहास)

‘जीप’ हा शब्द आपल्या नंदुरबार जिल्ह्यात कोणाला शिकवावा लागत नाही. ज्या पाड्यावर एस.टी. पोचत नाही, तेथेही जीप ठाऊक असते. नवापूर, शहादा, तळोदे, अक्कलकुवा, धडगाव यांपैकी कोणत्याही स्टँडबाहेर जा, काळी-पिवळी गाडी उभी असते आणि ‘एकच शीट, एकच शीट’ असा पुकारा चालू असतो. आत पंधरा माणसे कोंबलेली असली तरी शिल्लक जागा नेहमी एकाचीच असते! आपल्यापैकी कितीतरी विद्यार्थी-विद्यार्थिनी याच गाडीने महाविद्यालयात येतात आणि पहिला तास बुडाला की दोषही तिलाच देतात.

पण ही गाडी मूळची कोठली, कोणी केली, आपल्या घाटात कशी आली, याचा विचार आपण सहसा करीत नाही. मीही केला नव्हता. गेल्या वर्षी दिवाळीनंतर आमची जीप भंगारात गेली. जुनीच घेतलेली कमांडर होती ती. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तळोदे-धडगाव मार्गावर ती अठरा वर्षे चालविली. भंगारवाल्याने तिला काट्यावर चढविले आणि किलोच्या भावाने हिशेब केला. त्या दिवशी आबा बोनेटवरून हात फिरवीत म्हणाले, “हिचं मूळ अमेरिकेचं म्हणतात. लढाईतली गाडी. मग ती आपल्या घाटात आली कशी?” मी गप्प राहिले. तेव्हा म्हणाले, “तू कॉलेजात जातेस ना? काढ शोधून.”

आबांना सही करता येते. त्यापलीकडे अक्षरओळख नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. तेव्हा हा प्रश्न टाळणे मला शक्य नव्हते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अल्पसा प्रयत्न आहे.

साडेतीनशे डॉलर

जीपचे नाव ज्या अमेरिकन कंपनीशी जोडले गेले तिचे नाव विलीज-ओव्हरलँड. यातील ‘ओव्हरलँड’ ही मोटार १९०३ मध्ये इंडियाना राज्यात तयार होऊ लागली. ‘विलीज’ हे माणसाचे आडनाव. जॉन नॉर्थ विलीज हा न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा गावचा मोटारविक्रेता होता. त्याने ओव्हरलँड मोटारींची मोठी मागणी नोंदविली आणि आगाऊ पैसेही भरले. परंतु १९०७ मध्ये अमेरिकेत बँकांवर संकट आले आणि गाड्या येईनात. विलीज स्वतः इंडियानापोलिसला गेला. तेथे त्याला कळले की कारखाना बुडण्याच्या बेतात आहे आणि कामगारांना पगारापोटी दिलेले धनादेश वटविण्यासही साडेतीनशे डॉलर कमी पडत आहेत. विलीजने आपण उतरलो त्या हॉटेलातूनच ती रोख रक्कम उभी केली आणि कारखाना वाचविला, अशी आख्यायिका सांगतात. पुढे जागा अपुरी पडली तेव्हा सर्कशीचा तंबू ठोकून त्याखाली मोटारी जोडल्या गेल्या.

१९०९ मध्ये विलीजने ओहायो राज्यातील टोलेडो शहरात एक मोठा कारखाना विकत घेतला आणि टोलेडो हेच कंपनीचे घर झाले. १९१२ मध्ये कंपनीने विलीज-ओव्हरलँड हे नाव धारण केले. १९१२ ते १९१८ या काळात अमेरिकेत फोर्डच्या खालोखाल सर्वाधिक मोटारी याच कंपनीच्या होत्या. साडेतीनशे डॉलरसाठी अडलेला कारखाना दहा वर्षांच्या आत देशात दुसऱ्या क्रमांकावर गेला, हे आश्चर्यच म्हणावे लागेल.

परंतु चढण संपली की उतार येतोच. पहिल्या महायुद्धानंतर कर्ज वाढले. १९१९ मध्ये टोलेडोत मोठा संप झाला. बँकांनी आपले पैसे वाचविण्यासाठी १९२० मध्ये वॉल्टर क्रायस्लर नावाच्या कर्तबगार व्यवस्थापकाला वर्षाला दहा लाख डॉलर पगारावर आणून बसविले. क्रायस्लरचे आणि विलीजचे जमले नाही. तो निघून गेला आणि १९२५ मध्ये त्याने स्वतःच्या नावाची मोटार कंपनी काढली. वाचकांनी क्रायस्लर हे नाव लक्षात ठेवावे. या कथेत ते पुन्हा येणार आहे. इकडे १९२९ नंतरच्या महामंदीत विलीज-ओव्हरलँड कोलमडली आणि १९३३ मध्ये तिचा कारभार न्यायालयाच्या देखरेखीखाली गेला. जॉन विलीज १९३५ मध्ये निवर्तला. पुढच्या वर्षी कंपनीची पुनर्रचना झाली, पण ती आता मोठ्यांच्या पंगतीतली राहिली नव्हती. अशा कंपनीला इतिहासात अजरामर करणारी गाडी मात्र अजून जन्माला यायची होती.

एकोणपन्नास दिवस

१९४० साली युरोपात हिटलरचे सैन्य मोटारी आणि रणगाडे घेऊन देशामागून देश पादाक्रांत करीत होते. अमेरिका अजून युद्धात उतरली नव्हती, पण तिच्या सैन्याने तयारी आरंभली. सैन्याला एक हलकी, बुटकी, चारही चाकांना ओढ असलेली गाडी हवी होती. घोडा, खेचर आणि बाजूला डबा जोडलेली मोटारसायकल या तिघांचे काम तिने एकटीने करावे, अशी अपेक्षा होती. सुमारे १३५ कारखान्यांना विचारणा झाली. पहिला नमुना अवघ्या ४९ दिवसांत द्यायचा होता. ही अट वाचून बहुतेकांनी हात टेकले. विलीजनेही जास्त मुदत मागितली.

‘आम्ही देतो’ असे छातीठोकपणे सांगणारी कंपनी एकच निघाली. पेनसिल्व्हेनिया राज्यातील बटलर या गावची अमेरिकन बँटम. ही अगदी लहान कंपनी. छोट्या मोटारी करून जेमतेम तग धरून होती. तिने कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या अभियंत्याला बोलावले. प्रॉब्स्टने जुलै १९४० मध्ये दोनच दिवसांत गाडीचा मूळ आराखडा काढला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी, मुदत संपण्याच्या अगदी शेवटच्या घटकेला, गाडी मेरीलँडमधील लष्करी तळावर हजर झाली. चाचणीत ती उत्तम उतरली.

न्यायाने पाहता पुढचे काम बँटमला मिळावयास हवे होते. परंतु एवढ्या लहान कारखान्याला हजारो गाड्या पुरविता येतील, असा विश्वास सैन्याला वाटेना. सैन्याने बँटमचे आराखडे विलीज आणि फोर्ड या दोघांना पाहू दिले. त्या दोघांनी आपापले नमुने केले. आपल्याकडे ‘आयत्या बिळावर नागोबा’ म्हणतात, तोच हा प्रकार! तथापि विलीजचे श्रेय अगदीच नाकारता येणार नाही. त्यांचा मुख्य अभियंता डेल्मर ‘बार्नी’ रूस याने जुन्या इंजिनात सुधारणा करून त्याची शक्ती ६० अश्वशक्तीपर्यंत नेली होती आणि एवढे दमदार इंजिन बाकी दोघांपाशी नव्हते. अडचण वजनाची होती. सैन्याची मर्यादा २,१६० पौंडांची, म्हणजे सुमारे ९८० किलोंची. विलीजची गाडी त्याहून जड. रूसने बोल्टांचे फाजील टोक कापले, रंगाचा एकच हात दिला आणि अशा रीतीने गाडी मर्यादेत बसविली, असे सांगतात.

जुलै १९४१ मध्ये १६,००० गाड्यांचे कंत्राट विलीजला मिळाले. युद्ध वाढले तेव्हा त्याच नमुन्याच्या गाड्या फोर्डकडूनही करून घेण्यात आल्या. दुसऱ्या महायुद्धात या दोघांनी मिळून ६ लाखांहून अधिक जीपा केल्या. त्यांपैकी निम्म्याहून अधिक विलीजच्या होत्या. बँटमच्या वाट्याला तीन हजारही आल्या नाहीत.

‘जीप’ हे नाव कसे पडले याविषयी एकमत नाही. कोणी म्हणतात, ‘सर्वसाधारण उपयोगाची’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘जी-पी’ आणि त्यावरून जीप. कोणी म्हणतात, ‘पॉपाय’च्या चित्रमालिकेत १९३६ साली आलेल्या ‘जीप’ नावाच्या अद्भुत प्राण्यावरून. इतिहासाच्या तासाला आपल्याला सांगतात की, दोन साधने दोन गोष्टी सांगत असतील तर घाई करू नये. मीही करीत नाही.

एक गोष्ट मात्र कागदोपत्री पक्की आहे. ‘जीप आम्ही निर्माण केली’ अशा जाहिराती विलीज करू लागली, तेव्हा अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्याची चौकशी केली आणि १९४८ मध्ये असा दावा करण्यास मनाई केली. जीपची कल्पना बँटम आणि सैन्य यांची, हे आयोगाने मान्य केले. पण न्याय आला तेव्हा उशीर झाला होता. १९५० मध्ये ‘जीप’ हे नाव व्यापारचिन्ह म्हणून विलीजच्याच पदरात पडले.

घोड्याची जागा

जीपमध्ये असे काय होते की तिने घोड्याची जागा घ्यावी? आपल्याकडे दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. तेथील घोड्यांचा बाजार आपण सर्वांनी पाहिला आहे. तेथे पारखी माणूस घोड्याचे काय पाहतो? पाय, पाठ आणि दम. जीपचेही गुण याच तीन शब्दांत सांगता येतील.

प्रथम पाय. साधारण मोटारीत इंजिनाची ओढ दोनच चाकांना मिळते. ती दोन चाके चिखलात फिरू लागली की गाडी जागच्या जागी बसते. जीपमध्ये गिअरपेटीला लागून आणखी एक पेटी असते. ड्रायव्हरजवळ नेहमीच्या गिअरच्या दांडीखेरीज दोन आखूड दांड्या असत. एक ओढली की पुढची चाकेही ओढीला लागतात. दुसरी ओढली की वेग उतरतो आणि जोर वाढतो. चढावर अडलेल्या बैलगाडीला शेजाऱ्याची बैलजोडी पुढे जुंपतात, तसाच हा प्रकार.

दुसरी पाठ. जीपची चासी म्हणजे शिडीसारखी जोडलेली पोलादी चौकट. तिच्याखाली पोलादी पाटे आणि वर साधा पत्रा. बसणाऱ्याच्या कंबरेला सुख नाही, पण खड्ड्याला दाद नाही.

तिसरा दम. इंजिन साधे आणि उघडे. बोनेट उचलले की सर्व भाग हाताला लागतात. सैनिकाला रानात, रात्री, चार पान्यांच्या बळावर गाडी पुन्हा चालू करता आली पाहिजे, या हेतूनेच ती तशी केली होती. जीपचे हे तिसरे वैशिष्ट्य सर्वांत महत्त्वाचे, असे माझे मत आहे. कारण रणांगणासाठी केलेली ही सोय पुढे खेड्यापाड्यांच्या उपयोगी पडली.

युद्ध संपत आले तेव्हा सैन्याची मागणी आटणार हे विलीजने ओळखले. १९४५ मध्ये तिने शेतकऱ्यासाठी जीप काढली. नांगर ओढणारी, माल वाहणारी आणि रविवारी कुटुंबाला गावात नेणारी गाडी, अशी तिची जाहिरात असे. तिच्या तोंडावरील सात उभ्या फटींची जाळी तेव्हापासूनची.

पेट्यांतून आलेली गाडी

आता आपण मुंबईकडे वळू. अमेरिकन मोटारी मुंबईत नव्या नव्हत्या. फोर्डने १९२६ मध्ये भारतात कंपनी स्थापन केली आणि जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला शेव्हरोलेट मोटारींची जुळणी सुरू केली. परंतु ती नुसती जुळणी होती. सुटे भाग पेट्यांत भरून अमेरिकेहून येत. येथील कामगार ते जोडून देत. मोटार करण्याची विद्या मात्र समुद्रापलीकडेच राही. ही विद्या येथे आणावी या ध्यासाने आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि क्रायस्लर कंपनीशी सहकार्य करून कुर्ल्याला कारखाना उभारला.

त्याच सुमारास, २ ऑक्टोबर १९४५ रोजी, मुंबईत आणखी एक कंपनी स्थापन झाली. तिचे नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’. जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र महिंद्रा हे लुधियानाचे दोघे बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद हे तिचे संस्थापक. व्यापार पोलादाचा. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तेथील पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे १९५१ मध्ये गव्हर्नर जनरलही झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलून ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ करण्यात आले. एका कंपनीच्या पाटीवर देशाच्या फाळणीची खूण अशी उमटावी, हे वाचून मी क्षणभर थांबले होते.

कैलासचंद्र युद्धकाळात भारत सरकारच्या पुरवठा मंडळाचे प्रमुख म्हणून अमेरिकेत होते. तेथे त्यांनी जीप पाहिली. ज्या देशात रस्ते थोडे आणि खेडी फार, त्या देशाला हीच गाडी उपयोगी पडेल हे त्यांनी हेरले. १९४७ मध्ये पहिल्या ७५ जीपांचे सुटे भाग अमेरिकेहून आले आणि १९४९ मध्ये माझगाव येथे विलीज जीपची जुळणी सुरू झाली.

येथवर महिंद्रा, फोर्ड आणि जनरल मोटर्स एकाच वाटेवर होते. फरक पुढे पडला. स्वतंत्र भारताने १९५३ मध्ये धोरण ठरविले की, ज्यांना येथेच टप्प्याटप्प्याने गाडीचे भाग तयार करावयाचे असतील त्यांनीच राहावे. नुसत्या पेट्या उघडणाऱ्यांना परवानगी मिळणार नाही. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी आपला गाशा गुंडाळला. महिंद्रांनी १९५४ मध्ये विलीजशी जीपच्या उत्पादनाचा करार केला आणि एकेक भाग येथे करावयास आरंभ केला. कांदिवलीला कारखाना झाला. पुढे नाशिकला गाड्यांचा आणि इगतपुरीला इंजिनांचा. पेट्रोल महागले तेव्हा डिझेलचा विचार आला. १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून डिझेल इंजिनाचा परवाना घेण्यात आला. अमेरिकेची चासी, फ्रान्सचे इंजिन आणि नाशिकचा कामगार, असा हा त्रिवेणी संगम होता.

उंच बोनेटची जी जुनी जीप आपण शासकीय आवारांत उभी पाहिली असेल, तिचा नमुना विलीजने १९५३ मध्ये काढला होता. अमेरिकेत तो १९६८ मध्ये बंद पडला. भारतात तो त्यानंतरही अनेक वर्षे निघत राहिला.

मधल्या काळात टोलेडोच्या कंपनीचे काय झाले? १९५३ मध्ये ती कैसर नावाच्या उद्योगाने विकत घेतली. १९६३ मध्ये कंपनीच्या नावातून ‘विलीज’ हा शब्दच गेला. १९७० मध्ये जीप अमेरिकन मोटर्सकडे गेली आणि १९८७ मध्ये क्रायस्लरकडे. ज्या वॉल्टर क्रायस्लरला एकेकाळी विलीजचे कर्ज निस्तरण्यासाठी पगारावर आणले होते, त्याच्याच नावाच्या कंपनीने अखेर जीप विकत घेतली! त्यानंतर जर्मन, मग इटालियन भागीदार आले आणि २०२१ पासून जीप स्टेलँटिस या युरोपीय समूहाकडे आहे. टोलेडोत जीप आजही तयार होते. पण जॉन विलीजची कंपनी उरलेली नाही.

धुरळा आणि घाट

आपल्या भागात जीप प्रथम आली ती साहेबाची म्हणून. जुनी माणसे सांगतात, लांबवर जीपचा धुरळा दिसला की गावात धावपळ उडे. तहसीलदार असतील, देवी काढणारे असतील, वसुली असेल किंवा निवडणुकीचा कर्णा असेल. जीप म्हणजे सरकार. लष्करात तर तिचा मान मोठाच होता. १९६५ च्या युद्धात खेमकरण भागात अब्दुल हमीद यांनी पाकिस्तानी रणगाडे फोडले, ते जीपवर बसविलेल्या तोफेने. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले.

मग सरकारी जीपा जुन्या होऊन निर्लेखित झाल्या, लिलावात निघाल्या, कोणी त्यांना लांब हुड बसविला, बाकडी टाकली आणि त्या प्रवाशांच्या झाल्या. मागाहून महिंद्रांनीच कमांडरसारख्या लांब जीपा काढल्या. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून आपला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तेव्हा जिल्ह्याचे ठिकाण जवळ आले खरे. पण तळोद्याहून धडगावला चांदसैली घाट आणि अक्कलकुव्याहून मोलगीला देवगोई घाट होता तेथेच राहिला. हे घाट रोज चढणारी आणि उतरणारी गाडी म्हणजे काळी-पिवळी. काठीच्या होळीला माणसे टपावर बसवून नेणारी तीच, अस्तंब्याच्या यात्रेकरूंना पायथ्याशी सोडणारी तीच, रेशनचे पोते आणि कोंबड्यांची पाटी शेजारी-शेजारी नेणारीही तीच. पाड्यावरून आजारी माणसाला बांबूच्या झोळीतून खांद्यावर रस्त्यापर्यंत आणतात, तेव्हा रस्त्यावर वाट पाहत बहुधा जीपच उभी असते. माझा धाकटा भाऊ चांदसैली घाटात, आमच्याच जीपच्या मधल्या सीटवर जन्मला. आबांनी गाडी कडेला लावली, मागच्या बायांनी लुगड्यांचा आडोसा केला. आई आणि भाऊ दोघेही सुखरूप राहिले. त्या दिवशी एकाही प्रवाशाने उशिराबद्दल तक्रार केली नाही, असे आबा अजून सांगतात.

ही वाहतूक निर्धोक आहे असे मात्र मी म्हणणार नाही. परवाना किती माणसांचा आणि बसतात किती, हे आपण सर्वजण जाणतो. शिवाय प्रवासी वाहून नेणाऱ्या बहुतेक काळ्या-पिवळ्या गाड्यांना चार चाकांची ओढ नसते. दोनच चाकांवर त्या घाट चढतात. म्हणजे युद्धातील जीपचा पहिला गुण आमच्यापर्यंत पोचलाच नाही. पोचला तो तिसरा. ती कोणालाही दुरुस्त करता येते. आबा कोणत्याही तंत्रशाळेत गेले नाहीत. घाटात पाटा तुटला तर लाकडाचा ठोकळा आणि तार बांधून त्यांनी गाडी तळोद्यापर्यंत आणलेली मी पाहिली आहे. लहानपणी मी बोनेटपाशी उभी राहून त्यांना पाने देत असे. दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा. पाढ्यांच्या आधी मला पान्यांचे आकडे पाठ झाले.

चेहरा कोणाचा?

या कथेला अलीकडेच एक विलक्षण वळण मिळाले आहे. महिंद्रांनी ‘रॉक्सर’ नावाची जीपसारखी गाडी अमेरिकेत विकण्यासाठी काढली. रस्त्यासाठी ती नव्हती. शेत आणि रान यांसाठी होती. भाग भारतातून जात आणि जुळणी मिशिगन राज्यात होई. एकेकाळी पेट्या तिकडून इकडे येत, त्या आता इकडून तिकडे जाऊ लागल्या. २०१८ मध्ये जीपच्या तेव्हाच्या मालकांनी, म्हणजे फियाट-क्रायस्लरने, अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली की, या गाडीने आमच्या जीपचा चेहरा घेतला आहे. २०२० मध्ये आयोगाने तक्रार ग्राह्य धरून त्या रूपातील रॉक्सरवर बंदी घातली. महिंद्रांना गाडीचे तोंड बदलावे लागले.

कायद्याने हा निर्णय योग्य असेल. त्याविषयी बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला राहून राहून वाटते की, तो चेहरा नक्की कोणाचा? प्रॉब्स्टने आराखडा काढला, त्याची बँटम कंपनी मागे पडली. विलीजने तो मोठा केला, तिचे नाव पुसले गेले. ज्यांनी तक्रार केली ते चौथे-पाचवे मालक. आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रार झाली, त्यांनी ती गाडी सत्तर वर्षे केलेली! नाव विकता येते, विकतही घेता येते. गाडी करण्याची विद्या मात्र ज्याने हात काळे करून घेतली त्याच्याजवळ राहते.

फोर्ड आणि जनरल मोटर्स यांची पुढची हकिकत या दृष्टीने बोलकी आहे. फोर्ड १९९५ मध्ये महिंद्रांच्याच भागीदारीत भारतात परत आली; नाशिकला तिच्या एस्कॉर्ट मोटारीची जुळणी झाली. २०२१ मध्ये फोर्डने भारतातील मोटारींचे उत्पादन थांबविण्याचे जाहीर केले. जनरल मोटर्सने २००८ मध्ये पुण्याजवळ तळेगावला कारखाना काढला आणि २०२० च्या अखेरीस तेथील उत्पादन बंद केले. दोन्ही कंपन्या दुसऱ्यांदा गेल्या. उलट जीप या नावाची मोटार २०१७ पासून पुणे जिल्ह्यातील रांजणगावला तयार होऊ लागली. टोलेडोचे नाव महाराष्ट्रात आले आणि महाराष्ट्राने शिकलेली जीप अमेरिकेपर्यंत जाऊन आली.

आपल्या बोलीत तर हा वाद केव्हाच मिटला आहे. वनस्पती तुपाला आपण सरसकट डालडा म्हणतो, तसे घाट चढणारी प्रत्येक गाडी आपल्याकडे जीपच. तिच्यावर नाव बोलेरोचे असो, क्रुझरचे असो वा मॅक्सचे.

असो. हा लेख लिहून झाल्यावर मी तो आबांना वाचून दाखविला. आबा आता दुसऱ्याच्या बोलेरोवर पगारी ड्रायव्हर आहेत. रात्री उशिरा आले होते, तरी शेवटपर्यंत ऐकले. महिंद्रांचे ऐकून मान डोलावली. आयोगाच्या निर्णयावर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ते पहिले, बँटमवाले. त्यांचं पुढे काय झालं?”

मी सांगितले की, युद्धात त्यांना जीपचे काम मिळाले नाही. जीपच्या मागे जोडायच्या छोट्या ट्रॉल्या करण्याचे मिळाले.

आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बरं झालं. काम तरी मिळालं.”